साहेब अजून पहिल्या मजल्यावरच

आमच्या बिशपसाहेबांना जिना सरळ चढता यायचा नाही. गुडघे दुखायचे हे खरं, पण कारण ते नव्हतं. वाटेत दार उघडं दिसलं की साहेब आत. आणि घोडपदेवच्या आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत ते कधी पोचतील, हे देवालाच ठाऊक असायचं. साहेब निवृत्त झाले म्हणून चर्चची मंडळी आता गौरव अंक काढते आहे. संपादकांनी मला बजावलंय की आठवणी गोड असाव्यात. मी आठवतंय तसं लिहितो, साखर त्यांनी वरून घालावी.

साहेब कुणाच्याही घरात टेकले की पहिला प्रश्न, "घरात कोण कोण?" मग एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना. ख्रिस्ती घरांपुरतं हे असतं तरी चाललं असतं, चाळीत आम्ही मोजकेच. पण पहिल्या मजल्यावरच्या सावंतकाकू कणकवलीच्या दिरापासून सगळ्यांची नावं सांगायच्या. एकदा त्यांनी गावच्या आजारी म्हशीचं नाव सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून तेही घेतलं, आणि म्हैस बरी झाली. तेव्हापासून काकूंकडचा मुक्काम आणखी लांबला.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा साहेब आमच्या देवळाचे, म्हणजे चर्चचे, तरुण पाळक होते. देवळामागच्या खोलीत त्यांनी बायकांसाठी शिवणवर्ग काढला, पुढे त्याच खोलीत अभ्यासिका झाली. चाळीतली कितीतरी पोरं, सगळ्या धर्मांची, तिथे बसून शिकली. हे सगळं अंकात इतर लोक लिहितीलच. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती माझ्या आईच्या पोटाची आहे.

आईने आयुष्यभर दर रविवारी मुलांची शब्बाथशाळा घेतली, म्हणून सगळे तिला बाई म्हणतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती जिना उतरलेली नाही. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी साहेब प्रभुभोजनाची, भाकर आणि द्राक्षरसाची, छोटी पेटी घेऊन स्वतः यायचे. बिशप झाल्यावर हे काम पाळकावर सोपवता आलं असतं, पण ते ऐकतील तर ना. आणि आई जुन्या वळणाची, प्रभुभोजनाआधी पोटात काही जाता कामा नये. तिला मधुमेह. साखरेची गोळी मात्र सकाळी न चुकता घ्यायची, कारण तिच्या मते औषध म्हणजे खाणं नव्हे. गोळी पोटात, पोट रिकामं, आणि साहेब पहिल्या मजल्यावर म्हशीसाठी प्रार्थना करताहेत.

मी दोघांपुढेही डोकं आपटून पाहिलं. साहेबांना म्हटलं, आधी वर या, मग उतरताना हवं तिथे बसा. "बरोबर आहे तुझं," ते म्हणायचे. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य, त्यानंतर काहीही बदलायचं नाही. एकदा माझ्या भुणभुणीने त्यांनी आईला सांगितलं की खाऊन घेत जा, प्रभू रागावणार नाही. आईने शांतपणे विचारलं, "तुम्ही खाऊन येता?" साहेबांनी पेटी उघडायला घेतली. शेवटच्या माणसाला प्रभुभोजन देईपर्यंत तेही उपाशीच असायचे, आणि खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटचा प्रभुभोजनाचा रविवार. संध्याकाळी परळला त्यांचा सत्कार होता, आणि चाळीतल्या प्रत्येकाला त्यांचा निरोप घ्यायचा होता. मी गॅलरीतून खाली वाकून विचारत होतो आणि उत्तर येत होतं, साहेब अजून पहिल्या मजल्यावरच. उन्हं चढली. आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी साखरेची वाटी घेऊन गेलो, तर तिने ओठ घट्ट मिटले. "साहेबांना येऊ दे," एवढंच म्हणाली.

मी धावत खाली गेलो. साहेब काकूंकडे पाटावर बसलेले, समोर घावनांची ताटली. सगळ्यांदेखत मी ओरडलो, "इथे जगाची नावं घेताय, आणि वर माझी आई मरतेय." बिशपावर असं ओरडू नये म्हणतात. मला अजूनही त्याचं काही वाटत नाही.

साहेब उठले आणि त्या दिवशी पहिल्यांदा जिना सरळ चढले. आईच्या खाटेवर बसून त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, पेटीला हातही लावला नाही.

"बाई, मी आज खाऊन आलोय. सावंतांकडे घावनं खाल्ली."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही?"

"मी. आणि आजच नाही, आताशा नेहमीच खाऊन येतो. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती. आता तुम्ही तोंड उघडा."

आईने तोंड उघडलं. चमचा चमचा साखर, मग दूध, मग पोळी. तिचा हात थरथरायचा थांबला तेव्हाच साहेबांनी पेटी उघडली. प्रार्थनेत त्यांचा आवाज फुटत नव्हता, मला वाटलं धाप लागली असेल.

संध्याकाळी सत्कारात शाल, मानचिन्ह आणि भाषणं. एका वक्त्याने ठणकावून सांगितलं की हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही. तेवढ्यात शेजारी बसलेल्या सावंतकाकू माझ्या कानाशी लागल्या. "सायबांनी घावनाक हात पण नाय लावल्यानी रे. चाय पण तशीच थंड झाली." व्यासपीठावर साहेब मान खाली घालून बसले होते.

साहेब आता नगरकडे गावी असतात. फोनवर मी त्यांना चिडून विचारलं, हे तुम्हाला आधी नाही का सुचलं? ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि मग म्हणाले, "सुचलं होतं रे. धीर झाला नाही."

आता नवे पाळक येतात. तरुण आहेत, वेळेवर येतात, जिना सरळ चढतात. सावंतकाकूंना ते मुळीच आवडत नाहीत. आई मात्र सकाळीच पोळी खाऊन तयार असते. पहिल्याच भेटीत तिने त्यांना दरडावून विचारलं, "तुम्ही खाऊन आलात ना? बिशपसाहेबसुद्धा खाऊन यायचे."

पाळक गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. बिचाऱ्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नसणार. मी आईच्या पाठीमागून, हो म्हणा अशी, मान डोलावली.

"खाल्लं, बाई," ते म्हणाले, आणि पेटी उघडायला खाली वाकले.