रंभाबाईचं गंगावन

"ताप गेला, पन जाताना बाईचं केस घिऊन गेला! शेंडीएवढी येणी ऱ्हायलीया. चारचौघांत न्यायची लाज वाटती मला."

"केसांसंगं लगीन लावलं हुतंस व्हय रं, मुडद्या?"

उरवडे गावातल्या घरात बहिरू आणि त्याची आई अशी भांडत होती, आणि बहिरूची बायको रंभाबाई गोठ्यात शेणाचे हात तसेच धरून ऐकत होती. मुदतीच्या तापातून ती नुकतीच उठलेली. सासू भांडली खरी, पण लेकापुढं तिचं काय चालणार? वर्षाच्या आत बहिरूनं रत्नाबाईला घरात आणलं.

तापात रंभाबाई माहेरी होती; तिचे झडलेले केस तिच्या आईनं गोळा करून ठेवले होते. बाईचे केस उकिरड्यावर टाकू नयेत, कोनाड्यात जपावेत, ही आमच्याकडची रीत. आईनं त्यांचं लांबसडक गंगावन वळलं, लेकीच्या वेणीत गुंफायला. ते घेऊन ती आली, तेव्हा दाराला सवतीच्या लग्नाचं तोरण होतं. रंभाबाईनं गंगावन फडक्यात गुंडाळून ठेवलं. नवरा कधीतरी वळून बघेल, तेव्हा घालू. आशेला काही तेलपाणी लागत नाही, ती तशीच वाढते.

मग ती पडवीत राहू लागली आणि गावच्या बायकांचे केस विंचरून देऊ लागली. वरमाय म्हणून मिरवायचं, तर बाई आधी हिच्या दारात. गोल तोंडाला खोपा उंच, सुकलेल्या तोंडाला कान झाकून सैल अंबाडा. भांग फार ताणला की वय चुगली करतं, म्हणायची. साळूबाईचा तर असा अंबाडा घातला, की तिचा म्हातारा दिवसभर दारातच घुटमळला.

पानशेतचं धरण फुटलं त्या साली रत्नाबाई पडवीत आली. बाळंतपणांनी केस विरळ झालेले, कानशिलं पांढरी.

"अक्का, भाचीचं लगीन हाय. मालक म्हनत्यात, म्हातारी दिसतीस, घरीच ऱ्हा."

रंभाबाईनं तिची विरळ वेणी हातात तोलली. मग तिनं फडकं सोडलं.

"कुनाचं गं हे केस, अक्का?"

"हायेत एका बाईचं. तिला आता लागत न्हाईत. मान हलवू नगंस."

रत्नाबाई अंगणात गेली, आणि बहिरूचा आवाज आला, "रत्ने, मागनं वळखलंच न्हाई तुला! काय केस हायेत गं!"

इतक्या वर्षांनी त्यानं ते केस वाखाणले. रंभाबाई आत, तेलाचे हात तसेच धरून उभी.

पुढं दर बाजारच्या दिवशी ती सवतीचे केस बांधी. स्वतःच्या मरणाच्या दिवशीही, अंगात कणकण असताना, तेलाची वाटी घेऊन ती उंबऱ्याशी बसली. रत्नाबाईची पांढरी बट आत वळवली, कान झाकले, गंगावन गुंफलं. फणीत अडकलेले तिचे केस बोटावर गुंडाळले आणि उठता उठता कोनाड्यात ठेवले.