ठरावातून गेलेलं कुरण

ती आणि मी एकाच उन्हाळ्यात या गावात सुना म्हणून आलो. गाव आंबागडच्या डोंगरापलीकडे, जंगलाला लागून. पुढे गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि राखणीच्या पाळ्या लागल्या, तेव्हा बायकांमध्ये आमची जोडी ठरूनच गेली. सकाळी फडक्यात भात बांधून निघायचं, दुपार कलली की परत.

एकदा शेजारच्या गावचे लोक बैलबंडी घेऊन धावड्याची झाडं तोडायला आले. मी झाडाआडच थांबले. ती सरळ बंडीपुढे जाऊन बसली. म्हणाली, "पह्यले माह्या अंगावरून बंडी ने, मंग लाकूड ने." बंडी रिकामी परत गेली. ती कशी बाई होती, हे आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं ऐकून कोणीही म्हणेल की ती लोभी होती. ती लोभी नव्हती.

मी दहावीपर्यंत शिकलेली. तिला अक्षरओळख जेमतेम, पण नुसत्या आवाजावरून पाखरू सांगायची, पान चुरगळून वासावरून झाड ओळखायची. ती सांगे, मी वहीत लिहून घेई. कोणतं झाड, कोणता वेल, कुठे दिसला, कधी फुलला. अशा तीन वह्या भरल्या. अक्षर माझं, पण वह्या दोघींच्या.

त्यातली एक अख्खी वही कुरणाची होती. जंगलाच्या मधोमध मोकळी, गवताची जागा. बाहेरच्या माणसाला ती ओसाड वाटायची. आम्हाला माहीत होतं की गवताखाली मुसळीचे औषधी कंद आहेत, लाव्यांची घरटी आहेत, पहाटे चितळं तिथेच चरतात. पावसाळ्यात वारुळांजवळ सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, निघायच्या, त्यांची भाजी अख्खं गाव खायचं. कडेला चार-पाच वठलेली झाडं होती. त्यांच्या ढोलीत घुबडं राहायची, मधमाश्या राहायच्या.

मग एका कंपनीचा माणूस आला. ग्रामसभेत त्याने समजावून सांगितलं की झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात आणि खोडात साठवतात. जितकं लाकूड जास्त, तितका साठा जास्त, आणि त्या साठ्याचा मोबदला गावाला मिळेल. मोकळ्या जागेत साग आणि निलगिरी लावू, वेली-झुडपं काढू, मेलेली झाडं हटवू, म्हणजे बाकीची जोमाने वाढतील.

मी विरोध केला नाही. विरळ झालेल्या डोंगरउतारावर झाडं लावायला काय हरकत होती? एवढंच म्हणाले की कुरण आणि त्यालगतच्या बोडीचा, लहान तळ्याचा, काठ सोडा, वठलेली झाडं उभी राहू द्या. तीच पहिली उठली आणि म्हणाली, "बरोबर बोलून राहिली ते. सगळं जंगल लाकडाचं नसते." तेव्हा ती वनसमितीची अध्यक्ष होती. ठरावात तशी ओळ लिहिली गेली. मीच ती मोठ्याने वाचून दाखवली.

त्यानंतर आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि मला बपेऱ्याला माहेरी जावं लागलं. निघताना ती घरी आली. "वह्या देऊन ठेव. सायबायले दाखवतो, आपल्या जंगलात का का हाये ते." मी आनंदाने दिल्या.

दोन महिने मी आईपाशी होते. गावाहून तिचा रोज फोन यायचा. आई जेवली का, उठून बसली का, सगळं विचारायची. माझ्या आईसाठी तिने आमच्या गावच्या वैद्याचं तेलही पाठवलं.

परत आले त्याच आठवड्यात मी कुरणावर गेले. ओळीने खड्डे खणलेले होते. वठलेल्या झाडांचे नुसते बुंधे उरले होते. खड्डे खणणारी गावातलीच बाई मला म्हणाली, "तुले मालूम नाई? आमाले वाटलं, तुमी दोघीईनंच ठरवलं."

मी ग्रामपंचायतीत जाऊन कागद मागितला. ठराव नव्याने टाइप केलेला होता. कुरणाची ओळ त्यात नव्हती. खाली तिची सही. मागे पुरावा म्हणून आमच्या वह्यांच्या झेरॉक्स जोडलेल्या होत्या: पाहा, हे जंगल किती समृद्ध आहे. माझ्याच अक्षरात लाव्यांच्या घरट्यांची पानं होती, आणि ती घरटी जिथे होती तिथे आता खड्डे होते.

मग तिच्याकडे गेले. ओसरीवर बसून ती चारोळीसाठी चारं फोडत होती. मला पाहून हात थांबला, पण ती उठली नाही.

"काहून केलं?" मी विचारलं.

"कंपनीवाले म्हनले, कुरण सोडलं तं जागा कमी पडते, आपल्या गावाले योजनेत घेतच नाई." मग हातातला दगड बाजूला ठेवून म्हणाली, "इतके वर्षं राखलं वो बाई. पोरं नागपूरले मजुरीले जाऊन राहिली. कायले राखलं मंग?"

मी एवढंच म्हणाले, "रोज फोन करत होती. एक दिवस तरी सांगायचं होतं."

"सांगतलं असतं तं तू नाई म्हनली असती."

ती ओरडली असती, खोटं बोलली असती, तर मला सोपं गेलं असतं. तिने खरं तेच सांगितलं. ज्या बाईने बंडी अडवली होती, तिने मी वाटेत नसेन असा दिवस निवडला होता.

मी ग्रामसभा बोलवायला लावली. भांडण झालं, दोन तट पडले. शेवटी ठरलं की खणलेल्या खड्ड्यांत रोपं लागतील, पण कुरणाचा बोडीकडचा अर्धा भाग तसाच सोडायचा, आणि ते कागदावर यायला हवं. कंपनीने कुरकुर करत ते मान्य केलं. म्हणजे सोडता येत होतं. ती थोडी अडून बसली असती, तर सगळंच सोडता आलं असतं.

निलगिरी आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. तिच्याखाली गवत खुरटलंय, चितळं धानात उतरू लागली आहेत. गावाच्या शाळेला नवं छत आलं, हेही खरं. राखणीला मी आता दुसऱ्या बाईबरोबर जाते. लग्नकार्यात तिची-माझी गाठ पडते, एका पंगतीला बसतो, ती आईची तब्येत विचारते आणि मी सांगते. पण जंगलात एखादं अनोळखी पाखरू बोललं, तर ते कोणतं, हे विचारायला मी तिच्याकडे जात नाही.