आंब्याची कापडी पानं

"हात काढा, मास्तर."

असं म्हणत दादा पुढे यायचे आणि समोरच्याच्या तोंडावरचा हात दोन बोटांनी खाली करायचे. त्यात राग नसायचा, जोर नसायचा. दारावरचा पडदा बाजूला सारावा तसा हात बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "आते बोला."

तीसेक वर्षं लूमवर काम करून त्यांचे कान गेले होते. तुमच्यापैकी कुणी सुरतेत लूमच्या खात्यात पाच मिनिटं उभं राहिलं असेल, तर त्याला वेगळं सांगायला नको. माग चालू असताना शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात. पुढे कान जातात, पण ओठ ओळखायची सवय राहते.

सुरतेजवळ भेस्तानला आमच्या साडीच्या कारखान्यात ते घडी घालायच्या कामावर आले, तेव्हा पंचावन्नच्या पुढचे असतील. मी तिथे कटिंग मास्तर. आम्ही दोघेही धुळ्याकडचे. ते सगळ्यांशी अहिराणीत बोलत. मला ती येत असून मी बोलत नसे, कारण मी मास्तर झालो होतो. सगळे त्यांना दादा म्हणत. मीही म्हणत असे.

आल्याच्या आठवड्यातच त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. जेवणाच्या सुट्टीत हॉलच्या त्या टोकाला बसलेला एक जण हळूच म्हणाला, की या म्हाताऱ्याच्या डब्यात रोज खिचडीच कशी असते. या टोकावरून दादांनी मोठ्यानं सांगितलं, की उद्या तुझ्यासाठी पण आणतो, आणि दुसऱ्या दिवशी खरंच आणली. त्याला ती सगळ्यांदेखत खावी लागली. छान झाली होती म्हणे.

तेव्हापासून आमच्यात एक पद्धत पडली. दादांविषयी काही बोलायचं, तर तोंडावर हात धरून बोलायचं. आधी ती थट्टा होती, मग सवय झाली. इतकी, की हॉलमध्ये कुणी तोंडावर हात नेला की समजावं, विषय दादांचा आहे. दादांनाही ते कळायचं. घडी अर्धी टाकून ते उठायचे, त्या माणसापर्यंत चालत जायचे आणि त्याचा हात खाली करायचे.

गावाकडे त्यांची बहीण होती. साध्या फोनवर त्यांना काही कळायचं नाही, म्हणून ते मोबाईलवर तिचा चेहरा बघून बोलत. बहिणीला फोन धरता यायचा नाही. मग आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं यांचं चालायचं, "कपाय नको दखाडू, तोंड दखाड." कपाळ नको दाखवू, तोंड दाखव. आम्ही हसायचो. तेही हसायचे, कारण आम्ही का हसतोय ते त्यांना दिसायचं.

आता तोरणाचं सांगतो. त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

माझ्या टेबलाखाली चिंध्यांचं पोतं असे. आठवड्यातून एकदा दादा त्याच्याशी येऊन उकिडवे बसायचे. एकेक चिंधी काढून आडवी ओढून बघायचे. ताणली जाणारी परत टाकायचे, न ताणणारी खिशात. गावी असताना सणाला आंब्याचे डहाळे आणायचं काम त्यांच्याकडे असे. सुरतेतल्या गोडादऱ्यात त्यांच्या गल्लीत आंब्याचं झाड कुठलं? पहिल्या वर्षी त्यांनी विकतची पानं बांधली. दोन दिवसांत ती वाळून मुरडली. तेव्हापासून ते चिंध्यांची पानं करू लागले.

पान कापायचं, मधोमध दुमडायचं आणि दुमडीवर टाका घालून शीर काढायची. पॉलिस्टरचे धागे सुटतात, म्हणून पानाची कड पणतीच्या ज्योतीवरून झर्रकन फिरवायची. जराही थांबलं तर पान जळतं. त्यांच्या जाड बोटांतलं एकही पान जळलेलं मी पाहिलं नाही. आणि ऋतूप्रमाणे तोरण बदलायचं. श्रावणात गर्द हिरवी पानं. दसऱ्याला पिवळ्या कापडाच्या चुण्या घालून झेंडू. चैत्रात मात्र त्यांना आंब्याच्या कोवळ्या पालवीचा तो तांबूस रंग हवा असायचा, आणि तो त्यांना कधी मनासारखा मिळत नसे.

प्रत्येक तोरणात एका पानाला ते पेटत्या उदबत्तीनं भोक पाडत. मी विचारलं, चांगलं पान का खराब करता? ते म्हणाले, झाडावर एखादं पान किडीनं खाल्लेलं असतंच. सगळी पानं चांगली असली की माणसाला ते खोटं वाटतं.

त्या वर्षी लग्नसराईसाठी आमचा एक नवा छाप तयार होत होता. तांब्याच्या रंगातून निघून हळूहळू हिरव्यात जाणारा. आम्ही ज्याला शेड म्हणतो, ती मी काढली होती. पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी ठरवलेलं कापड कापल्यावर पहिल्यांदा शेठनी माझा रंग घेतला होता. पाडव्यानंतर माल बाजारात जाणार होता. तोवर त्याची चिंधीसुद्धा बाहेर जायची नाही, असा आमच्याकडे नियम. सुरतेत छाप फुटला की चौथ्या दिवशी तोच छाप हलक्या कापडावर दुसऱ्याच्या दुकानात लागतो.

दादा चिंध्या बघायला आले आणि त्या रंगाशी थांबले. हात लावला नाही. नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "हाईच ती पालवी शे, मास्तर."

मला इतका आनंद झाला, की मी ओंजळभर चिंध्या उचलून त्यांच्यापुढे धरल्या. ते मागे सरकले. नवा माल आहे, नको म्हणाले. मी म्हणालो, मी देतोय ना, घ्या. तरी ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, म्हणून पुन्हा म्हणालो, मी देतोय. मग त्यांनी घेतल्या.

तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. त्याच आठवड्यात माझा साडू घरी चहाला आला. तो बाजारात एका दुकानात होता. मी घरी आणून ठेवलेला त्या छापाचा अख्खा तुकडा कपाटातून काढला आणि त्याच्यासमोर खाटेवर पसरला. हा रंग माझा आहे म्हणालो. त्यानं मोबाईलवर फोटो काढला. मी पाहिलं. नको म्हणायला तोंड उघडलं आणि "खिडकीशी धर, तिथे नीट दिसेल" असं म्हणालो.

पाडव्याला मी दादांकडे गेलो होतो. त्यांच्या दारावर ते तोरण होतं. गल्लीतली माणसं जाता-येता थांबत होती. वहिनींनी श्रीखंड वाढलं आणि दादा मला पुन्हा पुन्हा बाहेर नेऊन दाखवत होते, की बघा, वाऱ्यावर पान उलटलं की हिरवं दिसतं.

चार दिवसांनी आमचा छाप बाजारात दुसऱ्याच्या नावानं लागला.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. केबिनला काच होती आणि काचेपलीकडे घडीचं टेबल. शेठ ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, की कापड तुमच्या हाताखालून जातं, तुम्हीच सांगा कुठून गेलं. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, ही नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, असं सगळं तेव्हा मनात आलं. आज ते सांगितलं तर बहाणा वाटेल. वाटू दे.

मी म्हणालो, गोडादऱ्यात एका दारावर तोरण लागलंय, त्यात आपलं कापड आहे.

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण ते सांगताना माझा उजवा हात माझ्या तोंडावर होता. दादांना ओठ दिसू नयेत म्हणून मी तो नेला होता. आणि आमच्या हॉलमध्ये तोंडावर हात म्हणजे काय, ते तर तुम्हाला वर सांगितलंच आहे.

काचेपलीकडे दादांचे हात थांबले. मग त्यांनी ती साडी पुरी केली, काठाला काठ लावून गठ्ठ्यावर ठेवली आणि वर पाहिलं. ते उठून आले नाहीत. शेठनी बोलावल्यावर आले.

तोरणातलं कापड कुठून आणलं, असं शेठनी त्यांना विचारलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायची वाट बघावी तसे बघत राहिले. माझे ओठ मिटलेले होते. मग त्यांनी शेठकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मैंने लिया, सेठ."

उद्यापासून येऊ नका, एवढंच शेठ म्हणाले. दादा माझ्या टेबलाखाली ठेवलेला डबा घ्यायला आले. मला वाटलं, आता हात काढायला सांगतील. माझा हात तेव्हाही हनुवटीशी होता. त्यांनी डबा घेतला, पिशवीत ठेवला, पिशवीला गाठ मारली आणि गेले.

गोष्ट गल्लीत पोचायला दोन दिवस लागले असतील. वहिनींनी तोरण उतरवलं. चोरीचं कापड दारावर नको म्हणाल्या, असं नंतर कळलं. घडीच्या कामावर दादांना कुणी घेतलं नाही. ते घरीच वहिनींबरोबर साड्यांचे सुटलेले धागे कापत बसू लागले. बायका घरी बसून करतात ते काम. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळत गेलं. त्या गल्लीवरून मला बस होती. मी लांबच्या रस्त्यानं जाऊ लागलो. त्याला वीस मिनिटं जास्त लागत. ती वीस मिनिटं मी रोज दिली, निवृत्त होईपर्यंत.

मुलीचं लग्न झालं. साडूनं आहेर केला. मी तो घेतला.

दादा गेल्याचं गेल्या वर्षी एका लग्नात जेवताना कळलं. दहाव्याला गेलो नाही. दोन महिन्यांनी गेलो. वहिनी आता थकल्यात. त्यांनी चहा केला आणि मी न विचारता बोलू लागल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या सुतालाही त्यांनी हात लावला नाही, म्हणाल्या. एकदाच लावला. तेवढ्यासाठी मी त्यांना किती बोलले. जेवताना बोलले, सणाच्या दिवशी बोलले. ते माझ्या तोंडाकडे बघून सगळं ऐकून घ्यायचे. एकदाही उलट बोलले नाहीत.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. पण मिशी पुसायला वर गेलेला हात तिथेच राहिला. चहा संपवून मी परत आलो.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी पुन्हा गेलो. रिक्षातून उतरून त्यांच्या दारापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागलं. आता गुडघे साथ देत नाहीत. दाराच्या चौकटीवर दोन खिळे होते, दोन्ही गंजलेले. आत जाऊन बसलो आणि हात मांडीवर ठेवून सगळं सांगितलं. साडू, फोटो, ओंजळभर चिंध्या, केबिन. वहिनींनी मांडीवरच्या साडीचे धागे कापायचं तेवढं थांबवलं. शेवटी एकच विचारलं, तुम्ही काय सांगितलंत ते त्यांना कळलं होतं का?

मी म्हणालो, माझा हात तोंडावर होता.

आमच्या हॉलची ती पद्धत त्यांना ठाऊक होती. दादा ती घरी थट्टा म्हणून सांगायचे. मला वाटलं, आता मला उठायला सांगतील. त्या स्वतःच उठल्या. कपाटावरून एक पिशवी काढली आणि माझ्यासमोर जमिनीवर उपडी केली. तेच तोरण. टाकून दिलं नव्हतं. पॉलिस्टरला काही होत नाही. रंग जसाच्या तसा होता. त्या रंगाचा मला किती अभिमान होता, आणि आता तो बघवत नव्हता.

"तुम्हीज बांधा," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माफी नव्हती. काम सांगावं तसं त्या म्हणाल्या.

त्यांनी स्टूल आणून दारात ठेवलं आणि एका हातानं धरलं. मी चढलो. एक टोक एका खिळ्याला बांधलं, दुसरं बांधायला हात ताणून उभा राहिलो. मान दुखत होती. किडीनं खाल्लेलं ते पान नेमकं माझ्या नाकासमोर लोंबत होतं.

समोरच्या घरातली बाई पायरीवर भाजी निवडत होती. जुनीच होती गल्लीतली. थोडा वेळ बघून तिनं विचारलं, "काका, हे तेच ना? कारखान्यातून चोरलेलं?"

माझे दोन्ही हात वर गुंतले होते.

"चोरलेलं नाही," मी म्हणालो. "मी दिलेलं होतं. चिंधी मी दिली, छाप मी फोडला आणि नाव त्यांचं सांगितलं."

रस्त्यावरून टेम्पो गेला. तिला ऐकू गेलं नसावं. तिनं भाजीचं ताट बाजूला ठेवलं आणि काय म्हणालात, असं विचारलं. मग मी तेच पुन्हा सांगितलं, दादांशी बोलायचो तसं, एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट हलवत.