लसीच्या पेटीची खंडेनवमी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई मी लहान असल्यापासून म्हणायची, आणि ते खोटं नाही. नर्स झाले तीही बहुधा त्यामुळेच. एका जागी बसायचं काम मिळालं असतं तर आठवड्यात पळून आले असते. मी खानापूरकडची. सरकारनं नेमलं ते जोयडा तालुक्यात, रामनगरच्या बाजूला, एका लहानशा आरोग्य केंद्रात. नव्वदच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील.

सुरुवातीला लस आमच्याकडे बसनं यायची. जाड भिंतीचा एक डबा, डब्यात बर्फ, बर्फात बाटल्या. बस वाटेत बंद पडली की माझा जीव टांगणीला. बर्फ विरघळायच्या आत पोरांच्या तोंडात पोलिओचे थेंब पडले पाहिजेत म्हणून तो डबा खांद्याला लावून मी रानवाटांनी धावत सुटायची. बायका शेतातून हाक मारायच्या, "अक्का, वाघ लागलाय काय मागं?" मी म्हणायची, "वाघ परवडला गं, ह्यो बर्फ न्हाई परवडत."

मग पेटी आली. पांढरीशुभ्र, कपाटासारखी उभी नव्हे, ट्रंकेसारखं वरून झाकण उघडायची. आतल्या भिंतींना पाण्याच्या नळ्या, त्यांतल्या पाण्याचा बर्फ व्हायचा आणि मग दिवसभर लाइट गेली तरी आत गारवा टिकायचा. बसवायला आलेल्या मेकॅनिकनं असं सांगितलं आणि चहा पिऊन तो निघून गेला. आत एक तबकडीचा थर्मामीटर होता. काटा दोन आणि आठच्या मध्ये राहिला पाहिजे. मला वाटलं होतं, आता माझं धावणं संपलं. कसलं संपतंय! आधी बसची वाट बघत येरझाऱ्या घालायची, आता त्या काट्यासाठी घालायला लागले. दर तासाला झाकण उघडून बघायची. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, "सिस्टर, तुमच्या बघण्यानंच ती तापायची एक दिवस."

पण लाइटचा भरवसा कुठे होता? पलीकडे सुप्याला एवढं मोठं धरण, वीज तिथे तयार होऊन कुठल्या कुठे जाणार, आणि आम्ही इथे चिमणी पेटवून बसणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आमच्या शिपाईमामांचं घर आणि शेत त्याच धरणाच्या पाण्यात गेलं होतं. सरकारनं त्यांना रामनगरात जागा दिली आणि पुढे केंद्रात नोकरी. मामांनी त्या पेटीला जीव लावला होता. रोज ओल्या फडक्यानं पुसायची, खाली पाट घालायचा, कुणी तिच्यावर पिशवी ठेवली की अंगावर धावून जायचं. गोठ्यातल्या गाईची काळजी घ्यावी तशी ते तिची काळजी घ्यायचे. पेटी येऊन वर्ष उलटलं तरी त्यात फरक पडला नाही.

त्या वर्षी मी डोंगरावरच्या एका वाड्याच्या मागे लागले होते. वाडा म्हणजे रानात भात पिकवणाऱ्या कुणब्यांची दहा-बारा घरं. तिथे एका पोराचा पाय वाळला होता आणि तरीही लोक थेंब घ्यायला तयार नव्हते. आधी कधीतरी डोस दिल्यावर एका बाळाला ताप आला, तेवढं निमित्त पुरलं. तिथली सगळ्यांत वडीलधारी आजी म्हणेल ती पूर्वदिशा. मी किती वेळा डोंगर चढले कुणास ठाऊक. अंगणात बसून तिच्या हातचे उकडलेले कंद खाल्ले, तिच्या गुडघ्याला तेल चोळलं, भांडलेसुद्धा. आजीची सून पहिलटकरीण, वर्षा-सव्वा वर्षाचं पोर कडेवर घेऊन दाराआडून सगळं ऐकत असायची. एकदा ती मला वाटेपर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "अक्का, तुमी येत ऱ्हावा."

शेवटी आजी म्हणाली, "बरं. सिमोल्लंघन हुंदे. शीव वलांडल्यावर निघालेलं काम फळतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिसाला पोरं घीऊन खाली येतो." मला आकाश ठेंगणं झालं.

डॉक्टर सणाला गावी गेले. मीही खंडेनवमीला घरी गेले, पण घास गिळेना. पोरं येणार, बर्फ आहे ना, लाइट आहे ना? आठवडाभर वाऱ्यानं तारा तुटून लाइट ये-जा करत होती, पेटीतला बर्फ नीट जमलाच नव्हता. आई म्हणाली, "सण हाय, जरा बूड टेक." मी दसऱ्याला पहाटेचीच बस पकडली.

केंद्रात पाऊल टाकलं तर उदबत्तीचा वास. मामांनी टेबलावर धुतलेलं धोतर अंथरून आमची सगळी हत्यारं पूजेला मांडली होती. कात्र्या, चिमटे, बाळं तोलायचा काटा, बीपीचं यंत्र, सुया उकळायचं भांडं, भिंतीला टेकवून सायकल. प्रत्येकावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग पेटीकडे नजर गेली. तिला मोठा हार, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. आणि तिचा आवाज येत नव्हता. वायर भिंतीतून काढून, नीट गुंडाळून वर ठेवली होती आणि त्या गुंडाळीवरही एक फूल होतं.

झाकण उघडलं. काटा आठ सोडून कुठल्या कुठे पुढे, चौदावर. आतल्या भिंतींतून नुसतं पाणी डुचमळत होतं.

"मामा, ही कुणी बंद क्येली?"

"मीच की. काल सकाळीच," मामा प्रसन्नपणे म्हणाले. "आज आमी कोयता-इळ्याला हात लावत न्हाई, नांगर धरत न्हाई, गिरण बी बंद. ही तर वरीसभर रात न्हाई दिस न्हाई घुरघुरालीया. तिला बी इसावा नगो?"

मी ओरडले. काय बोलले ते आठवत नाही, पण रस्त्यावरची माणसं थांबली होती. वायर भिंतीत खुपसायला गेले तर मामा मध्ये आले, "अक्का, उत्तरपूजा तर हुंदे, अशी पूजा मोडू नगासा." मी त्यांना बाजूला सारून वायर खुपसली. पेटी घुरघुरायला लागली. मामांचा चेहरा पडला. पोलिओची लस उबेनं मरते आणि पुन्हा गार केली तरी जिवंत होत नाही, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बर्फ टिकतो म्हणतात ना, मग एक दिवस बंद ठेवलं तर काय बिघडतंय, असा त्यांचा हिशोब. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

संध्याकाळी मामा आपट्याची पानं घेऊन दारात आले. "सोनं घ्या अक्का." मी घेतलं, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मेलेली लस दिसायला जिवंत लसीसारखीच असते. तेच पाणी, तोच रंग. उद्या ती पाजली तर कुणाला कळणार? आजी खूश, पोरं खूश, मी इतक्या वेळा डोंगर चढल्याचं सार्थक. कळेल ते पुढे कधीतरी, एखादं पोर तापातून उठेल आणि त्याचा पाय उचलणार नाही तेव्हा. आणि नाही पाजली, लोकांना परत पाठवलं, तर आजी पुन्हा खाली उतरणार नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी रिकामा डबा घेतला, मामांना सांगितलं, "वाड्याची माणसं आली की बसवून ठेवा, च्या करा, काय बी करा," आणि लाकडं वाहणाऱ्या ट्रकमध्ये बसून लोंढ्याला गेले. लोंढा जवळ, पण जिल्हा दुसरा. तिथल्या केंद्रात माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण होती. ती म्हणाली, "अगं, दुसऱ्या जिल्ह्याला लस कशी देऊ? वरनं विचारलं तर?" मी म्हटलं, "माझं नाव सांग, चोरून नेली म्हणून सांग." तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बर्फात घालून दोन बाटल्या दिल्या. परतताना रेल्वेचं फाटक पडलेलं. गोव्याकडची मालगाडी, डब्यामागून डबे, संपता संपेना. मी ट्रकमधून उतरून फाटकाच्या दांड्याशी जाऊन उभी राहिले. उभी राहून काय फायदा? पण बसवेना.

पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. केंद्राच्या अंगणात चहाचे रिकामे पेले पडले होते आणि माणूस नव्हतं.

मामा पायरीवर बसले होते. "ग्येली," ते म्हणाले. "मी खरं त्येच सांगितलं, मीच बंद क्येलती म्हणून. आजी म्हणाली, पूजेला ठेवलं म्हणून नासतंय त्ये औषध कसलं? उठा, चला."

तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर होतं. देवापुढे ठेवलेली वस्तू बिघडते हे ती ऐंशी वर्षांत पहिल्यांदा ऐकत होती. मला मामांचा राग आला, आजीचा आला, त्या मालगाडीचा आला, आणि रडूही आलं.

"एक हाय," मामा म्हणाले.

केंद्रामागच्या फणसाखाली आजीची सून बसली होती. बांगड्या भरून येतो, असं सासूला सांगून ती मागे राहिली होती. पोर मांडीवर झोपलेलं. मी तिथेच मातीत बसले, बाटली उघडली, पोराचे गाल दाबून दोन थेंब तोंडात सोडले. ते दचकून उठलं, तोंड वाकडं करून किंचाळलं. ती हसली. मीही हसले. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच माझा जीव भांड्यात पडला.

पोराला थोपटत तिनं सहज विचारलं, "अक्का, गेल्या साली दिलेलं तरी बरं हुतं न्हवं? दसऱ्याला मी माहेरी हुतो. तुमीच आलतासा, दुसऱ्या दिशी. लई ल्हान हुतं तवा ह्ये. सासूला म्हाईत न्हाई."

मला आठवलं. खालच्या गावांतून दसऱ्यानंतर फिरले होते मी, डबा भरून. तेव्हा मी सण संपवून आरामात आले होते. पेटी चालू होती, काटा बरोबर चारवर. मी मामांकडे बघितलं. त्यांनी बाटली धरलेला माझा हात बघितला, मग खाली मान घातली.

"गेल्या साली बी इसावा दिलता," ते म्हणाले. "तुमी याच्या आदी परत लावलीती."

ती रडली नाही, चिडलीही नाही. तिनं पोराला उताणं निजवलं आणि त्याचे दोन्ही पाय, एकेक करून, मांडीपासून बोटांपर्यंत दाबून बघितले. पोर लाथा झाडत होतं. तिनं पुन्हा एकदा दाबून बघितले. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "माज्या भावाच्या पोरीला बी तवाच दिलंय. गावातल्या सगळ्यांस्नीच."

मी बाटली बर्फात ठेवली, डबा खांद्याला लावला आणि तिला म्हटलं, "ऊठ. आधी तुज्या माहेरला."