पिवळी पडलेली काच

सोलर सेल तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे दिवाबाई म्हणत. बावीस वर्षं ती एका खोट्या सूर्याचे नखरे सांभाळत आली होती. तो सूर्य म्हणजे काळ्या पेटीतला मोठा दिवा. रोज सकाळी अर्धा तास तो तापू द्यायचा, मग त्याच्याखाली नमुन्याचा सेल ठेवून ठरलेला आकडा येईपर्यंत बटण फिरवायचं. त्यानंतरच गिऱ्हाइकांचे सेल तपासायचे. दिवाबाईची सही असली की दाखल्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नसे, आणि याचा तिला चांगलाच तोरा होता.

गेले काही महिने बटण जास्तच फिरवावं लागत होतं. दिवा म्हातारा झाला म्हणून तिने तो बदलला. नव्याकोऱ्या दिव्यालाही बटण तेवढंच फिरवावं लागलं, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेला जुना, फारसा न वापरलेला नमुना तिने शेजारी ठेवून पाहिला. रोजच्या नमुन्याची काच पिवळट पडली होती! तो प्रकाश कमी दाखवायचा, ही दिवा वाढवायची, आणि येणारा प्रत्येक सेल फुकटात हुशार ठरायचा. फरक चार टक्के. असे चाळीस दाखले गिऱ्हाइकांकडे गेले होते; सेल तेवढे अजून प्रयोगशाळेतच होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग राग आला. नमुना तपासायला बाहेर पाठवा, असं तिने साहेबांना तीनदा लिहून दिलं होतं.

साहेब म्हणाले, "बाई, चार टक्क्यांनी काही आभाळ कोसळत नाही. नमुना गुपचूप बदला."

"आणि दाखले? ते खोटे आहेत."

"सही तुमची आहे, माझी नाही. बोभाटा झाला तर घरी तुम्हीच बसाल."

घरी थोरल्या बहिणीनेही तेच ऐकवलं. "निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. कशाला नसती आफत ओढवून घेतेस?"

"ताई, बावीस वर्षं दुसऱ्यांचे सेल नापास करत आलेय मी. आता माझी पाळी आली तर तोंड लपवू?"

दुसऱ्या दिवशी साहेब तणतणत आले. "दाखले रद्द केल्याची पत्रं पाठवलीत म्हणे! कुणाच्या परवानगीने?"

"चाळीसही सकाळीच टपालात टाकली. सही माझी आहे, असं तुम्हीच म्हणालात ना? मग रद्दही मीच करणार."

"नोकरी जाईल!"

"जाऊ दे. तोवर जरा बाजूला व्हा. दिवा तापलाय, चाळीस सेल पुन्हा तपासायचेत."