डबा माझ्या मांडीवर होता

त्या दिवशी अकोल्याच्या मैदानावर डबा माझ्या मांडीवर होता. एवढं एक वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली.

मुलगी तेव्हा नववीत होती. खो-खोचे सामने, सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत. जिंकत गेलं तर दिवसात चार. आम्ही अमरावतीहून निघालो तेव्हा राजापेठेतलं एकही दुकान उघडलं नव्हतं. बायकोनं पहाटे उठून डबा केला होता. मेथीच्या पोळ्या, उकडलेली मटकी, दहीभात, केळी, आणि तिच्या माहेरून, शेंदूरजनाघाटहून आलेल्या संत्र्यांच्या सोललेल्या फोडी. "दर मॅचनंतर थोडं थोडं द्या तिले," तिनं बजावलं. शाळेच्या क्रीडाशिक्षिकाही तेच सांगत.

पण मी तरुणपणी अचलपूरला आखाड्यात जायचो. आमचे उस्ताद म्हणत, "भुका वाघच शिकार करते." आमची कुस्ती दिवसाला एक, तीही दहा मिनिटांत निकाली. तो नियम मी दिवसभर धावणाऱ्या पोरीला लावला.

पहिला सामना जिंकून ती धापा टाकत आली. "बाबा, पोळी द्या न."

"आता नाही. पाय जड होतीन."

दुसरा जिंकल्यावर ती नुसती डब्याकडे बघत बसली. मी वाघाचं सांगितलं.

"वाघाले एका दिवसात चार मॅची नसतात बाबा," ती म्हणाली. मी हसलो. डब्याचं झाकण मात्र उघडलं नाही. घोटभर पाणी दिलं.

दुपारी शिक्षिका आल्या. "भाऊ, हिनं खाल्लं न काही?"

"खाल्लं जी," मी म्हणालो.

तिसरा सामना उपांत्य फेरीचा. ती खांबाजवळ वळली आणि तिथेच गुडघ्यावर बसली. उठताच येईना. ती बाद झाली, आणि एका गुणानं संघ हरला. बाकीच्या पोरी रडत होत्या. हिला सावलीत निजवलं. शिक्षिकांनी तिच्या तोंडात साखर घातली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊ, हे कसं झालं?"

आणि मी बोललो. "मी तर देऊन राहिलो होतो जी. पोरगीच खात नव्हती."

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. शिक्षिकांचा हात तिच्या कपाळावर होता. मग तिनं डोळे पुन्हा मिटले.

घरी आल्यावर बायकोनं डबा हातात घेतला तेव्हाच तिला वजन कळलं. "काहून वं, एवढं केलं अन् शिवलीही नाही?"

"भूक नव्हती," पोरगी म्हणाली.

त्यावरून ती कितीतरी दिवस आईची बोलणी खात होती. नखरेल, मस्तीखोर, हिच्यापायी मॅच गेली. मी पेपर वाचत असायचो.

आता ती अकोल्यातच एका शाळेत खेळ शिकवते. मागच्या आठवड्यात तिच्या पोरींचे सामने बघायला गेलो. प्रत्येक सामन्यानंतर ती स्वतः डबा घेऊन फिरत होती. एकीला अर्धी पोळी, दुसरीला केळं, तिसरीला चार फोडी. एक लहानगी म्हणाली, "टीचर, आता नको, फायनलनंतर खातो." ती तिच्यापुढे उकिडवी बसली. "नंतर नाही, आताच. माझ्यासमोर खाय." माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

काल जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"मी तिले किती बोलली," ती म्हणाली. "अन् तुमी आयकून राहिले होते."

"हो."

तिनं हात धुतला, मोबाइल आणला, मुलीला लावला आणि माझ्या ताटाजवळ ठेवला.

"हां आई," पलीकडून आवाज आला, "जेवली मी. पोरीही जेवल्या."

बायकोनं मोबाइल माझ्यापुढे आणखी सरकवला. माझ्याकडे बघत राहिली.

"बेटा," मी म्हणालो, "मी बोलून राहिलो."