म्हशीच्या खुंट्याचा वाईस

अजमल शिकलगार यांच्या डाव्या हातात मी पिवळा रबरी चेंडू ठेवला, तेव्हा त्यांनी तो उजव्या हाताने उचलून माझ्या टेबलावर परत ठेवला. म्हणाले, हे पोरासोरांचं झालं, मॅडम. माझ्या हाताला लोखंड लागतं.

मिरजेच्या दवाखान्यात फिजिओथेरपी करता करता माझी वीस वर्षं गेली. हट्टी पेशंट मला नवे नाहीत आणि मीही काही गरीब गाय नाही. पण अजमलचाचांपुढे मी हात टेकले. वय चौसष्ट. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं (फारच सुधारलं, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं), डावा हात तेवढा मागे राहिला. बोटं निम्मी मिटायची आणि तिथंच थांबायची. ऊसतोडीचे वाकलेले कोयते सरळ करायचे, मुठी बसवायच्या, धार लावायची, हा त्यांचा बापजाद्यांचा धंदा. उजवा हात हातोडा मारतो ते सगळ्यांना दिसतं, पण खरं काम डावा करतो, कारण तो धरून ठेवतो. हे मला चाचांनी शिकवलं. कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

तरीही वर्षभर त्यांचं दुकान चालू होतं. ती माझ्या उपचारांचीच करामत, असं समजून मी मनातल्या मनात फुशारत होते. मग एका सकाळी झुबेदाभाभींच्या हातून थर्मास निसटला. त्या प्रत्येक वेळी नवऱ्यासोबत यायच्या आणि कोपऱ्यात बसायच्या. मी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. उजव्या मनगटाला गुंडाळलेली ओढणी मी सोडायला लावली, तर मनगट सुजून लाल झालेलं. वर्षभर सांडशीत कोयता धरून भाभी ऐरणीशी बसत होत्या आणि चाचा घाव घालत होते. प्रत्येक घावाचा हादरा लोखंडातून सांडशीत आणि सांडशीतून या मनगटात.

माझा पारा चढला. दोघांनाही फैलावर घेतलं, मनगटाला पट्टा बांधला आणि सहा आठवडे सांडशीला हात लावायचा नाही असं बजावलं. त्याच दिवशी चाचांनी भट्टी विझवली. दसऱ्यानंतर ऊसतोडकरी येणार, वर्षाची कमाई त्या चार महिन्यांतली, तरी माणूस हटून बसला. भाभींच्या मनगटाची जागा घेणारं काही मिळाल्याशिवाय घाव घालणार नाही, म्हणाले.

लोखंड जबड्यात आवळून धरणारा वाईस, बाजारात मिळतो तो टेबलावरचा, त्यांच्याकडे होताच. पण तो ठिसूळ बिडाचा, हातोडा मारल्यावर जबडा तुटून पडला होता. त्यांना हवा होता पायाचा वाईस. घडीव लोखंडाचा, कमरेएवढा उंच, ज्याचा एक लांब पाय खाली जमिनीत रोवलेला असतो. त्यात धरलेल्या लोखंडाला कितीही बडवा, मार पायातून जमिनीत जातो. त्यांच्या उस्तादांकडे तसा एक होता. आता तो कुठं दिसत नाही.

चाचांनी केसपेपरच्या मागे वाईसचं चित्र काढलं आणि माझ्या दारातल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. दवाखान्याच्या शिपायालाही सोडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात नाथाजी कदम गुडघा शेकायला आले. हे कोयनानगरजवळच्या एका गावचे. त्यांनी कागद आधी उलटा धरला, मग सुलटा, आणि शांतपणे म्हणाले, "ह्यो तर आमच्या चंद्रीचा खुंटा."

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस.

रविवारी मी दोघा नवराबायकोला गाडीत घालून घाट चढले. उपकार म्हणून नव्हे, माझा विश्वास बसत नव्हता म्हणून. गोठ्यात शेणाच्या थरातून एक लोखंडी मान वर आलेली, जबडा आवळलेला आणि मानेत म्हशीची साखळी. धरणाचं काम संपून तिथलं वर्कशॉप मोडलं तेव्हा नाथाजींच्या वडिलांनी हा वाईस घरी आणला. ते गेल्यावर तो काय कामाचा हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. खुंटा म्हणून गळ्यापर्यंत पुरला. दर खंडेनवमीला मात्र वडील लावायचे म्हणून हळदकुंकू चुकलं नाही. जबड्यावर त्याचं बोटभर पूट चढलं होतं.

चाचांनी पायजम्याची पर्वा न करता शेणात बसकण मारली आणि नखाने ते पूट खरवडलं. मला वाटलं आता हा गडी रडणार. पण ते फक्त म्हणाले, जित्तं हाय.

नाथाजी तो काही द्यायला तयार नव्हते. बापाची आठवण, शिवाय देवासारखं पुजलेलं, शिवाय इतके भूकंप झाले तरी हा खुंटा हलला नाही, आणि मुख्य म्हणजे चंद्री दुसऱ्या खुंट्याला थांबत नाही. भंगाराच्या भावाने विकायला आम्ही काय भिकेला लागलोय का, असंही सुनावलं. आता चाचा आपला लुळा हात पुढे करतील अशी माझी अटकळ. त्यांनी चक्क म्हशीची चौकशी सुरू केली. वेत कितवं, दूध किती, लाथ मारते का. तासभर दोघं म्हशीवर बोलले. मी घड्याळ बघत होते. भाभी डाव्या हाताने चहा पीत होत्या. शेवटी चाचांनी त्यांच्या उजव्या हातावरच्या पट्ट्याकडे मान वळवली.

"सध्या हा वाईस म्हंजे माझी बायकू हाय," ते म्हणाले. "तिला सोडवायची हाय."

नाथाजी त्या पट्ट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन अटी घातल्या. चाचांनी नवा खुंटा द्यायचा आणि चंद्री त्याला रात्रभर थांबली तरच जुना न्यायचा. दुसरी, खंडेनवमीला हळदकुंकू चुकवायचं नाही. सांगली-मिरजेत हळदीला काय तोटा, म्हणत चाचांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

ट्रॅक्टरच्या जुन्या आसाचा खुंटा त्यांनी वेल्डरकडून करून घेतला आणि तो आपल्या हातचा नाही याची त्यांना लाज वाटली. चंद्रीला वाटली नाही. तिने तो हुंगला, त्यावर मुतली आणि खाली बसली. पुढच्या आठवड्यात वाईस टेम्पोतून मिरजेला आला.

मग चाचांनी एका हाताने जे केलं ते मला दोन हातांनी जमलं नसतं. चार दिवस डिझेलमध्ये भिजवून त्यांनी गंज सोडवला. जबडा उघडणारी स्प्रिंगची पट्टी कधीच गायब झाली होती, ती टेम्पोच्या मोडक्या पाट्यातून केली. एवढं झाल्यावर खरी मेख निघाली. जबडा आवळणारा पेच ज्या नळीत फिरतो तिच्या आतले आटे झिजून गुळगुळीत झाले होते. पेच नुसताच फिरायचा, आवळायचा नाही. एका लेथवाल्याने बघून सांगितलं, फेकून द्या.

चाचांनी उस्तादांची जुनी रीत आठवली. पितळ चिकटू नये म्हणून पेचाला काजळी फासली, त्याच्या आट्यांत तार गुंडाळली आणि तो नळीत सारला. फटीत पितळेचे तुकडे आणि ते वितळून नीट पसरावेत म्हणून टाकणखार भरला. पितळ भाभींच्या गळक्या तांब्याचं. भाभींनी डाव्या हाताने कणकेसारखा चिखल मळून सगळ्याला लिंपला. भट्टीत हा गोळा लाल करून सतत फिरवायचा, म्हणजे पितळ वितळून तार नळीला आतून धरते आणि नवे आटे तयार होतात. पेचही चिकटला तर सगळं मुसळ केरात.

फिरवायला दोन बाजूंनी दोन सांडशा हव्यात. एका बाजूला चाचांचा उजवा हात, दुसरीकडे भाभींचा डावा. मी माझे दोन धडधाकट हात घेऊन पुढे झाले, तर भाभी म्हणाल्या, नको मॅडम, आमचा ताल चुकेल. दोघं एकमेकांकडे न बघता फिरवत होते. मी आयुष्यात इतका सुंदर व्यायाम पाहिलेला नाही.

थंड झाल्यावर पेच हलेना. चाचांनी दांड्यावर पाइप चढवला, जोर लावला, थांबले, पुन्हा लावला. आत कट्ट असा आवाज झाला आणि पेच फिरला. मी टाळ्या वाजवल्या. मला कुणी विचारलं नव्हतं.

खंडेनवमीला नाथाजींचा आठवणीचा फोन येण्याआधीच भाभींनी हळदकुंकू लावलं होतं. दसरा झाल्यावर मी दुकानात गेले तेव्हा वाईसचा पाय फरशीतून खाली दगडावर रोवलेला होता. चाचांनी कोयता जबड्यात घातला, एका हाताने आवळला आणि भाभींना बोलावलं. त्यांचा पट्टा त्याच आठवड्यात निघाला होता. चाचांनी त्यांना उजवा हात वाईसच्या मानेवर ठेवायला सांगितला आणि कोयत्यावर तीन घाव घातले.

"लागतंय का?"

"न्हाई."

पुन्हा जोरात घातले. भाभींनी मान हलवली. पण हात काढला नाही, तसाच ठेवून म्हणाल्या, "वरीसभर लागत हुतं. तवा न्हाई ईचारलं."

रागाने नाही म्हणाल्या. चहात साखर कमी आहे, हे सांगावं तशा म्हणाल्या. चाचांनी हातोडा खाली ठेवला.

"ईचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस," ते म्हणाले, "आन मी ते खरं धरलं असतं. मला ठाऊक हुतं, झुबेदा."

मग त्यांनी आपला डावा हात उचलून भाभींच्या हातावर ठेवला. बोटं निम्मी मिटली आणि नेहमीच्या जागी थांबली. माझे डोळे भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही.

दारात दोन ऊसतोडकरी कोयते घेऊन उभे होते. मी त्यांना म्हटलं, बसा जरा, चाचांचा हात गुंतलाय.